मागची खोली रिकामी ठेवण्याबाबत

४ मार्च, मंगळवार

आज दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी माझ्यावर अन्याय झाला. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण आठवडा उलटला की "असं कधी झालं होतं?" असं विचारायची या घरात पद्धत आहे.

मी डोळे दाखवायला गेले होते. घरी फक्त "हॉस्पिटलमध्ये जाऊन येते" एवढंच सांगितलं होतं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे असं वन्संना कळलं असतं, तर संध्याकाळपर्यंत त्यांनी डोळ्यात घालायच्या सात बाटल्या माझ्यापुढे मांडल्या असत्या. वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. आमच्याकडेच राहतात. रिकामी बाटली टाकून देणं त्यांना माणूस टाकून दिल्यासारखं वाटतं.

तर मी परत आले, चपला काढल्या आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. ही खोली मी जानेवारीपासून रिकामी करत होते. शनिवारी ती पूर्ण मोकळी झाली. चार भिंती, एक खिडकी, एक खुर्ची. तेव्हापासून रोज मी त्या खुर्चीवर बसून काहीही केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या मुख्य सिस्टरच्या खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि एक खुंटी होती, आणि ती आमच्या शाळेतली सगळ्यात सुखी बाई होती. नऊ वर्षांची असताना मी ती खोली पाहिली आणि ठरवलं की मोठेपणी आपल्याला अशीच खोली पाहिजे. पुढे लग्न केलं.

दार उघडलं तर आत दिवाणखाना. गोल मेज. मेजावर वायर नसलेला टेलिफोन. कोपऱ्यात प्लास्टरचा पुतळा, नाक उडालेला. खोलीला चांगली खरी खिडकी असताना तिच्या शेजारी भिंतीला टेकवलेली दुसरी खिडकी, जिच्यातून फक्त भिंत दिसते. आणि मधोमध मरणाचा पलंग.

हे जन्मभर एका नाटक कंपनीत प्रॉपर्टी सांभाळायचे. रंगमंचावर लागणारी तलवार, कंदील, पत्र, पिस्तूल, सगळं यांच्या ताब्यात. कंपनी बंद पडली तेव्हा मालक म्हणाला, हवं ते घेऊन जा. यांना सगळंच हवं होतं. त्या पलंगावर दोन राजे, एक कवी आणि न मोजता येतील इतके बाप मेले आहेत. त्याचा एक पाय असा बसवलाय की शेवटच्या श्वासाला पलंग करकरतो. तिसऱ्या रांगेपर्यंत लोक रडायचे म्हणे.

मीही थिएटरमध्येच नोकरी केली, फक्त माझ्या थिएटरात ऑपरेशनं व्हायची. पोटात गेलेला प्रत्येक बोळा आणि प्रत्येक चिमटा बाहेर आला की नाही, हे मोजायचं माझं काम. मोजणी जुळल्याशिवाय मी भल्याभल्या सर्जनला टाका घालू दिला नाही. यांचं तत्त्व बरोबर उलटं. आत आलेलं काहीही बाहेर जाता कामा नये. "लागेल कधीतरी."

"कसं वाटतंय?" हे हात झटकत म्हणाले.

"काय आहे हे?"

"अगं, रिकामी खोली बघवेना. शेवटचा प्रयोग झाला की स्टेज असंच दिसतं. पोटात गोळा येतो."

"प्रयोग संपला की लोक घरी जातात. त्यात गोळा कसला?"

"लोक जातात. प्रॉपर्टीवाला मागे राहतो."

असं काही बोलले की आपण फार मोठं बोललो असं यांना वाटतं. मी स्वयंपाकघरात गेले.

५ मार्च, बुधवार

फ्रिजवर नोटीस लावली. मागच्या खोलीतलं सामान शुक्रवारपर्यंत हलवावं, न हलवल्यास त्याच्या भवितव्याची जबाबदारी माझी नाही. खाली सही.

वन्संनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. "छान लिहिलंय, वहिनी. कागद मागून कोरा आहे का?"

"का?"

"नाही, तुमचं भांडण मिटलं की मला द्या."

यांनी नोटीस वाचली आणि म्हणाले, पलंगाला भवितव्य असतं हे त्यांना माहीत नव्हतं. मग त्या पलंगाखाली वन्संचे अठरा डबे दिसले. आयती जागा मिळाली म्हणून एका दिवसात त्यांनी संसार थाटला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

मुलीला फोन केला. ती दुसऱ्या गावी असते आणि तिचं सामान आमच्या माळ्यावर असतं. म्हटलं, खोकी घेऊन जा. म्हणाली, "आई, असू दे ना तिथे, काय खायला मागतात का?"

८ मार्च, शनिवार

खूप विचार केला. दुसऱ्याला झाडू दाखवण्याआधी आपलं अंगण झाडावं. आजपासून मी माझंच सामान कमी करणार. साधं राहणं म्हणजे काय, ते यांना डोळ्यांनी दिसू दे.

नोकरीत छातीवर लावायचं माझं घड्याळ वन्संना दिलं. दिवसभर "किती वाजले?" विचारत असतात, ते तरी थांबेल. वन्संनी घड्याळ हातात घेतलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "हे? हे मला देताय?" म्हटलं, "मला आता वेळ बघून काय करायचंय?" चांगल्या शाली मुलीला पार्सलने पाठवल्या. फोटोंची पाकिटं करून त्यांवर नावं घातली, कोणाला कुठले जायचे ते.

दुपारी यांना धुण्याचं मशीन शिकवलं. कपडे कुठे घालायचे, पावडर किती, बटण कुठलं. मग भात शिकवला. वर्षानुवर्षं स्टेजवर खोट्या जेवणाची ताटं मांडली, खरा भात कसा होतो ते माहीत नाही.

"हे आत्ताच का शिकायचं?" हे म्हणाले.

"मी नसले तर काय उपाशी मरणार आहात?"

नेहमीसारखा विनोद करतील म्हणून थांबले. केला नाही. पाण्याचं माप मला पुन्हा विचारलं. तरी भात पाण्यात पोहत होता.

११ मार्च, मंगळवार

पुन्हा हॉस्पिटल. निघताना यांनी विचारलं, "कशाला?" म्हटलं, "काम आहे." सोबत येऊ का म्हणाले. या माणसाने मला लेबर रूमलासुद्धा सोबत केली नव्हती, त्या दिवशी यांचा प्रयोग होता. म्हटलं, "तुम्ही येऊन काय करणार? तिथलं बेडपॅन उचलून घरी आणाल."

डोळ्याचे डॉक्टर तरुण आहेत. मला "आजी" म्हणाले. मी त्यांना सांगितलं की त्यांच्या मास्कची गाठ चुकीची आहे.

घरी आले तर चहा तयार. दोघं भाऊबहीण टेबलाशी बसलेले, मी येताच गप्प झाले. यांनी माझ्या कपात साखर घालून ढवळलीसुद्धा. काहीतरी नवीन सामान आणलं असणार. तिन्ही खोल्या शोधल्या, सापडलं नाही. म्हणजे मोठंच असणार.

१३ मार्च, गुरुवार

वन्संनी आज दिवसभरात मला एकही टोमणा मारला नाही. ताप असावा.

सकाळी मी दुधाचं पातेलं करपवलं. एरवी यावर त्यांनी तीन दिवस काढले असते. आज म्हणाल्या, "जाऊ दे हो वहिनी, पातेलं काय, घासलं की निघतं. तुम्ही बसा." आणि स्वतः घासायला बसल्या. घासताना त्यांच्या नाकातून आवाज येत होता. सर्दीही दिसते.

दुपारी त्या पलंगाखालचे डबे ओढून बाहेर काढत होत्या. "तुम्हाला अडचण होते ना, वहिनी. देऊन टाकते." सगळे डबे पिशवीत भरून फाटकाबाहेर ठेवून आल्या. झाकणांसकट. सूर्य पश्चिमेला उगवल्याचं मी स्वतःच्या, म्हणजे एका चांगल्या आणि एका अर्ध्या, डोळ्यांनी पाहिलं.

मी नोटिशीची भाषा कडक ठेवली, त्याचा परिणाम दिसतोय.

१४ मार्च, शुक्रवार

पहाटे करवतीच्या आवाजाने जाग आली. अंगणात जाऊन बघते तर हे मरणाचा पलंग कापत होते. एकट्यानेच खोलीतून ओढत नेला होता, दाराच्या चौकटीला ओरखडा पडलाय.

हा माणूस कधी कागदाचा कपटा फाडत नाही. गिफ्टचं वेष्टण ओल्या बोटाने सोडवतो. आणि आज त्या पलंगाचे तुकडे करत होता, घामाघूम होऊन. प्रत्येक ओढीला पलंग करकरत होता.

"अहो, कापताय कशाला? त्या नाटकवाल्या पोरांना द्यायचा होता. केव्हाचे मागताहेत."

"कोणालाच नको द्यायला."

"का?"

"कोणाच्याच घरात नको तो." मग करवत थांबवून म्हणाले, "तुला बरं वाटतंय ना?"

"फार बरं वाटतंय," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. जानेवारीपासूनची लढाई आज जिंकले होते.

यांचे डोळे लाल झाले होते. भुसा गेला असेल. म्हटलं, पाणी मारा. आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. नळ मात्र चालू होता. पाण्याची काय नासाडी.

दुपारपर्यंत मेज, पुतळा, टेलिफोन आणि बिनकामाची खिडकी यांनी स्वतः बाहेर नेऊन ठेवली. माझी खुर्ची पुसून मधोमध मांडली. न सांगता.

कॉन्व्हेंटमध्ये शिकवत, चांगल्या उदाहरणाने दगडालाही पाझर फुटतो. मला तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

१७ मार्च, सोमवार

मुलगी न कळवता आली. दारातच मला मिठी मारली आणि सोडेना. आमच्याकडे मिठ्या मारायची पद्धत नाही. मी तिची पाठ थोपटली, जशी भूल उतरताना पेशंटची थोपटत असे.

मग माळ्यावर चढली आणि सगळी खोकी खाली उतरवली. शाली मात्र परत आणल्या होत्या.

"नकोत का?"

"तू वापर ना, आई. तूच वापर."

"मला ओझं कमी करायचंय."

यावर ती बाथरूममध्ये गेली. या घरात हल्ली सगळे बाथरूममध्येच असतात.

जेवणानंतर म्हणाली, "आई, तू आम्हाला सांगायचं होतंस."

"जानेवारीपासून सांगतेय. फ्रिजवर लिहून लावलंय. पालथ्या घड्यावर पाणी."

ती बापाकडे बघायला लागली आणि तो आत्याकडे. मी मागच्या खोलीत जाऊन बसले. थोड्या वेळाने मुलगी आली आणि माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर आडवी झाली. लहानपणी ताप आला की अशी झोपायची. म्हटलं, जमीन गार आहे. म्हणाली, असू दे.

आता माळा मोकळा, पलंग गेला, डबे गेले. मला पाहिजे होतं ते सगळं झालं. खोलीत बसलं की भिंत दिसते. छान पांढरी भिंत आहे.

कोणी भांडत मात्र नाही. स्वयंपाकघरात तिघं हळू आवाजात बोलतात. "कोणी माझा डबा हलवला?" असं काल कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काही बिघडत नव्हतं.

२० मार्च, गुरुवार

सगळं सविस्तर लिहिते. रागात लिहितेय, अक्षर वाईट येईल.

सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. मी अंघोळीला गेले होते, यांनी घेतला. मी बाहेर येऊन खोलीत बसले, तर हे दाराच्या उंबरठ्यावर उभे. चेहरा प्लास्टरच्या पुतळ्यासारखा.

"ऑपरेशन पुढच्या गुरुवारी ठरलंय म्हणे."

"बरं झालं. लवकर मिळाली तारीख."

"कशाचं... म्हणजे किती मोठं आहे?"

"पंधरा मिनिटांचं. डावा डोळा."

"डोळा?"

"मोतीबिंदू आहे. तुम्हाला काय वाटलं?"

हे भिंतीला धरून खाली बसले. "आणि बाकीचं?"

"बाकीचं काय? उजवा पुढच्या वर्षी."

मागून वन्संचा आवाज आला. "मोतीबिंदू? नुसता मोतीबिंदू?" मी त्यांना फसवल्यासारखा.

मग एकेक बाहेर आलं. गेल्या आठवड्यात मंगळवारी, मी मास्कची गाठ दुरुस्त करत होते त्या वेळी, या तिघांनी फोनवर बैठक घेतली आणि मला काय झालं आहे ते ठरवलं. काय झालं आहे याचं नावसुद्धा त्यांनी नक्की केलं होतं. मी ते इथे लिहिणार नाही. जन्म ऑपरेशन टेबलाशेजारी उभं राहण्यात गेला, आणि माझं निदान केलं कोणी, तर एका प्रॉपर्टीवाल्याने आणि डब्यांवर जीव टाकणाऱ्या बाईने.

"कशावरून?" मी विचारलं. "ताप होता? वजन घटलं? कशावरून?"

"तू सगळं वाटायला लागलीस," हे म्हणाले. "घड्याळ दिलंस. फोटोंवर नावं घातलीस."

"आणि हॉस्पिटलात काय काम आहे ते सांगेनात," वन्संनी री ओढली.

"मग विचारायचं."

"विचारलं. 'काम आहे' म्हणालीस." हे उठायचा प्रयत्न करत होते. "आणि मला भात शिकवलास."

या वाक्यावर वन्सं रडायला लागल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, "माझे अठरा डबे गेले तुमच्यापायी. झाकणं बसणारे होते सगळे. आता मिळतात का तसे? मोतीबिंदूपायी डबे घालवले बाईने."

इतक्या दिवसांनी टोमणा ऐकला. मला एकदम हलकं वाटलं. मग घड्याळ परत मागितलं. म्हणाल्या, "दिलेलं परत घेत नाहीत. तुम्हीच शिकवलंत ना, साधं राहावं."

मुलीला कळवलं. ती फोनवर आधी हसली, मग रडली, मग खोकी परत पाठवू का म्हणून विचारलं. मी फोन ठेवला.

२२ मार्च, शनिवार

घरात आवाज परत आले. माळ्यावर एक सुटकेस चढलेली दिसली. वन्संनी शेजारून काचेच्या बरण्या आणल्या, "नुसत्या तीन आहेत" म्हणाल्या.

हे मात्र दुपारी अंगणात पलंगाच्या तुकड्यांपाशी बसले होते. पावसाळ्यात जळणाला होतील म्हणून मी त्यांची चळत रचून ठेवली आहे. करकरणारा पाय यांच्या मांडीवर होता.

"वाईट वाटतंय का?" मी विचारलं. "तुम्हीच कापलात."

"कापला. ठेवून काय करणार होतो? रोज दार उघडलं की तो दिसायचा. इतकी माणसं मेली त्याच्यावर, मला कधी काही वाटलं नाही. टाळ्या पडल्या की उठून चहाला जायची. मग एक दिवस वाटलं की आता जर..."

    मी आत जाऊन चहा ठेवला आणि यांच्या कपात साखर मीच घातली.

संध्याकाळी मागच्या खोलीत बसले होते. हे दाराशी येऊन उभे राहिले, एक हात पाठीमागे.

"काय आहे हातात?"

"काही नाही."

"दाखवा."

कंदील होता. खोटा. आत मेणबत्तीच्या जागी पिवळा कागद.

"अंधार होतो ना इथे," हे म्हणाले. "म्हटलं, एवढासा आहे. कोपऱ्यात राहील."

मी नाही म्हटलं. हे निघून गेले. माझ्या लक्षात आलं की लग्नाला चाळीस वर्षं होत आली, आणि या माणसाला मी हातात काहीतरी वस्तू नसताना कुठल्याही खोलीत शिरताना पाहिलेलं नाही. बहुतेक त्याला वाटतं, नुसतं आत यायला कारण लागतं.

२३ मार्च, रविवार

आज सकाळी फ्रिजवर नवी नोटीस लावली. वन्सं पाठकोरा कागद म्हणून कधी काढून नेतील याचा नेम नाही, म्हणून इथे उतरवून ठेवते.

"घरातील सर्वांस.

मला काय झालं आहे हे मला सोडून सगळ्यांनी ठरवलं, त्याबद्दल खुलासा हवा आहे. वन्सं आणि मुलगी यांनी प्रत्येकी दोन ओळी लिहाव्यात. 'भीती वाटली' हे उत्तर चालणार नाही, ते मला कळलेलं आहे. भीती वाटल्यावर माणूस विचारतो की डबे टाकतो, यावर लिहावं. वन्संनी बरण्या तीनच ठेवाव्यात. चौथी दिसल्यास घड्याळ जप्त होईल.

यांच्याकडून वेगळं उत्तर अपेक्षित आहे. मागची खोली रिकामीच राहील. तिथे कंदील, पुतळा, खिडकी किंवा लागेल कधीतरी अशी कोणतीही वस्तू येणार नाही. मात्र रोज संध्याकाळी एका माणसाला आत येऊन बसायची मुभा आहे. हात रिकामे असावेत. कारण सांगावं लागणार नाही. बोललंच पाहिजे असं नाही. खुर्ची एकच आहे, तिचं काय करायचं ते आत आल्यावर बघू.

हे मान्य आहे की नाही, ते स्वच्छ अक्षरात, सहीनिशी, बुधवार, २६ मार्च, संध्याकाळी पाच वाजायच्या आत लेखी कळवावं. गुरुवारी माझ्या डोळ्यावर पट्टी असेल, तुमचं अक्षर मला वाचता येणार नाही."